सरळ रस्त्यावर मागे पडणारी मिनी रेसमध्ये टिकते कशी? छोट्या दुकानदारासाठी चार धडे



मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. "सर, आमच्या चौकात मोठं मार्ट उघडतंय. आम्ही टिकायचं कसं?" व्हिडिओत घाईत उत्तर दिलं होतं. आज जरा निवांत देतो. त्यासाठी तुम्हाला थोडा वेळ इंग्लंडला यावं लागेल.

वेस्ट ससेक्समध्ये चिचेस्टर गावाजवळ गुडवुड नावाचा रेस ट्रॅक आहे. लांबी साधारण ३.८ किलोमीटर. १९४८ साली सुरू झाला आणि १९६६ साली तिथल्या शर्यती थांबल्या. १९९८ पासून सप्टेंबरमध्ये तिथे 'गुडवुड रिव्हायव्हल' भरतं. जुन्या काळच्या गाड्या, आणि त्या नुसत्या मांडून ठेवलेल्या नाहीत, तर जीव खाऊन पळणाऱ्या.

त्यात एक रेस असते, सेंट मेरीज ट्रॉफी. साठच्या दशकातल्या गाड्यांची पाळी असली की एकाच रांगेत दोन टोकं दिसतात. एकीकडे अमेरिकन फोर्ड गॅलेक्सी, ७ लिटरचं इंजिन, वजन दीड टनाच्या वर. दुसरीकडे मिनी कूपर एस, इंजिन जेमतेम १.३ लिटर. मिनीची लांबी १० फूट, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही लहान. चाकं १० इंचांची.

लव्हंट स्ट्रेट हा तिथला लांब सरळ पट्टा. तिथे गॅलेक्सी मिनीला अशी मागे टाकते, जणू मिनी उभीच आहे. पण पुढे वळण येतं. जड गाडीला लवकर ब्रेक मारावा लागतो. हलकी मिनी उशिरा ब्रेक मारते, वेग फारसा कमी न करता आत घुसते आणि पुन्हा गॅलेक्सीच्या मागे येऊन चिकटते. पाऊस पडला तर मोठ्या गाड्यांची आणखी तारांबळ उडते.

धडा १ : आपलं वळण ओळखा

आता माझी गोष्ट. माझं स्टेशनरीचं दुकान. बीबीए झालो होतो, त्यामुळे सगळं कळतं असा थोडा माज होता. जवळ मोठं मार्ट आलं आणि मी पहिल्याच आठवड्यात वह्यांचे भाव त्यांच्याइतके खाली आणले. गर्दी वाढली. मी खूश! जूनमध्ये होलसेलवाल्याचं बिल आलं, तेव्हा गल्ल्यात ते फेडण्याएवढे पैसे नव्हते. बायकोच्या भिशीचे पैसे घेऊन बिल भागवलं. ती काही बोलली नाही, पण तो दिवस मी विसरलेलो नाही.

मी लव्हंट स्ट्रेटवर गॅलेक्सीशी शर्यत लावत होतो.

मग शांतपणे विचार केला, मार्टला काय जमत नाही? एका आईने सहज विचारलं होतं, "वह्यांना कव्हर घालून द्याल का हो?" तेच माझं वळण. पुढच्या वर्षीपासून शाळेच्या यादीप्रमाणे पूर्ण संच, कव्हर घातलेला, मुलाच्या नावाचं लेबल लावलेला, घरपोच. वहीचा भाव कुणी विचारलाच नाही.

धडा २ : आपल्या गटात पहिले या

१९६१ साली ब्रिटिश सलून कार चॅम्पियनशिप कुणी जिंकली माहितीये? जॉन व्हिटमोर या तरुण ड्रायव्हरने, ८५० सीसीच्या मिनीतून! त्या वर्षी ट्रॅकवर मोठ्या जग्वारही होत्या. पण इंजिनाच्या आकाराप्रमाणे गाड्यांचे गट होते आणि गुण आपापल्या गटातल्या क्रमांकावर मिळायचे. व्हिटमोर आपल्या गटात सतत पुढे राहिला आणि वर्षअखेरीस सगळ्यांच्या वर गेला.

तुम्हाला शहरात पहिलं यायची गरज नाही. चार शाळा, दोन सोसायट्या, एक बाजारपेठ, एवढाच गट धरा. पण त्यात पहिलं या.

धडा ३ : टाळ्यांचा हिशेब वेगळा, पैशांचा वेगळा

हा धडा जरा कडू आहे. १९५६ च्या सुएझ संकटानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं, म्हणून बीएमसी कंपनीने अ‍ॅलेक इसिगोनिस या डिझायनरकडून छोटी गाडी करून घेतली. त्याने इंजिन आडवं बसवलं आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली घातला. एवढ्याशा गाडीत चार माणसं बसू लागली. १९५९ साली मिनी बाजारात आली, किंमत ५०० पौंडांच्या आत. पुढे १९६४, १९६५ आणि १९६७ साली तिने माँटे कार्लो रॅली जिंकली. जगभर नाव झालं.

पण फोर्डच्या लोकांनी एक मिनी आणून पार सुटी केली आणि एकेका भागाचा खर्च मांडला. त्यांचा अंदाज निघाला की बीएमसीला एका गाडीमागे सुमारे ३० पौंडांचा तोटा होतोय!

बघा, गाडी जिंकते आहे, लोक टाळ्या वाजवतायत, आणि हिशेबाची वही रडते आहे. माझ्या वह्यांचं तेच झालं होतं. म्हणून फोर्डने केलं ते तुम्ही तुमच्याच मालाचं करा. खरेदी, भाडं, वीज, पिशवी, उधारी आणि तुमचा स्वतःचा पगार, सगळं सुटं करून मांडा. मग भाव ठरवा.

धडा ४ : रेस दुसऱ्यांची, धंदा आपला

जुन्या गाड्यांच्या रेसमध्ये नियम कडक असतात. भाग त्या काळच्या पद्धतीचेच हवेत. आणि रेस म्हटली की भाग तुटणार, इंजिन जाणार. म्हणून तिकडे छोट्या छोट्या वर्कशॉपचं पोट याच कामावर चालतं. केंटमधली स्विफ्ट्यून ही फर्म मिनीच्या 'ए-सिरीज' इंजिनांसाठीच ओळखली जाते. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी जुन्या मिनीची नवी बॉडी बनवून विकते. २००० साली उत्पादन थांबलं तोवर सुमारे ५३ लाख मिनी बनल्या होत्या. गाडी बंद झाली, गरज उरली.

तुमच्या गावात काय बंद झालंय, पण लोकांना अजून लागतंय? मिक्सरचे जुने भाग, छत्री दुरुस्ती, पितळी भांड्यांना कल्हई? शोधा.

आजचा गृहपाठ

तो चॅम्पियन व्हिटमोर पुढे काय झाला? बिझनेस कोच! त्याचं 'कोचिंग फॉर परफॉर्मन्स' हे पुस्तक १९९२ साली आलं. त्यातली 'ग्रो' पद्धत आम्ही ट्रेनर लोक आजही शिकवतो. वही काढा आणि चार ओळी लिहा.

१. गोल : या सहा महिन्यांत मला नक्की काय हवंय?
२. रिअ‍ॅलिटी : आज गल्ल्यात आणि उधारीत खरं किती आहे?
३. ऑप्शन्स : मोठ्याला जमत नाही अशी माझी तीन वळणं कोणती?
४. विल : त्यातलं एक मी कोणत्या तारखेपासून सुरू करणार?

चौथ्या ओळीत तारीख नसेल तर गृहपाठ अपुरा धरेन. तुमचं वळण खाली कॉमेंटमध्ये लिहा. मी प्रत्येक कॉमेंट वाचतो.

मार्ट उघडू दे. त्यांच्याकडे सरळ रस्ता आहे. तुम्ही वळणावर भेटा.