देणगीच्या डब्याशेजारची सायकल

दरवर्षी सप्टेंबरात आमची शेजारीण गॅरेजातली सायकल बाहेर काढते, पुसते, चाकांत हवा भरते. तिचा मुलगा पंधराव्या वर्षी ब्रेन ट्यूमरनं गेला. सायकल चालवत कुणीच नाही. चर्चच्या हॉलबाहेर, त्या आजारावरच्या कामासाठी ठेवलेल्या देणगीच्या डब्याला टेकून ती दिवसभर उभी असते. आत केक, जुनी पुस्तकं आणि बटाटेवड्यांचा डबा घेऊन मी. इंग्लंडात एकोणीस वर्षं काढली, तरी वडे किती लागतील हा अंदाज चुकतोच.

सकाळी त्या मुलाचं डोकं दुखायचं, उलटी व्हायची, दुपारी बरं वाटायचं. डॉक्टर मायग्रेन म्हणाले. परीक्षेचा ताण असेल, असं मीही म्हणाले होते. रात्रभर आडवं झोपल्यावर कवटीतला दाब वाढतो, म्हणून ट्यूमरचा त्रास बरेचदा सकाळी जास्त होतो, हे मागाहून कळलं.

अशा घरगुती वर्गणीनं होतं काय? समँथा डिक्सनही १९९६ साली सोळाव्या वर्षी ब्रेन ट्यूमरनं गेली. तिच्या आईवडिलांनी, अँजेला आणि नील यांनी, काढलेल्या ट्रस्टमधून आजची 'द ब्रेन ट्यूमर चॅरिटी' उभी राहिली. या ट्रस्टचा सहभाग असलेल्या, २०११ पासूनच्या 'हेडस्मार्ट' मोहिमेनं लक्षणं पालकांपर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत नेली. ब्रिटनमध्ये मुलांच्या निदानाला पूर्वी साधारण १४ आठवडे जात. ते ७ च्या आत आले.

संध्याकाळी आम्ही नाणी मोजतो. यंदा ३१२ पौंड. ती दोनदा मोजते, मग म्हणते, "साखळीला तेल हवंय."