खड्ड्यानंतरची खटखट
मंगळवेढ्याची काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आक्रसते. तिच्यावरचे रस्ते म्हणूनच लवकर खचतात. खड्ड्यात गाडी आदळून आवाज सुरू झाला की ‘शॉकअप गेला’ असे सर्रास म्हटले जाते. शॉकअपचे काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचे. तो बिघडला तर बहुधा तेल गळते, गाडी झुलत राहते. लहान खाचेवरही खटखट होत असेल, तर आधी स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीचा जोड) आणि बुश (सांध्यातले रबर) तपासायला सांगा. गुडघ्यातली गादी झिजल्यावर सांधा वाजतो, तसेच हे. वेगाबरोबर वाढणारी घरघर बहुतेकदा चाकाच्या बेअरिंगची असते. टायरला फुगा दिसला, तर गाडी तशीच सोलापूरला नेऊ नका. चाक तिथेच बदला.