मामाच्या गाडीच्या टपावरची सोलर प्लेट



सूर्य आपल्याला उजेड देतो, ऊब देतो, पिके पिकवतो, हे आपण पुस्तकात शिकलो आहोत. त्याच सूर्याची वीज एका लहान गाडीच्या टपावर कशी घेतली, ते मी मामाबरोबर राहून पाहिले. तेच आज तुम्हांला सांगतो.

माझा मामा घोंगड्या-चादरी विकतो. मुरबाड, सरळगाव, शहापूर, किन्हवली असे बाजार आणि जत्रा तो करतो. त्याची एक लहान बंद व्हॅन आहे. मागच्या सीटा काढून तिथे त्याने फळ्यांचा बिछाना केला आहे. खाली माल, वर अंथरूण. जत्रेत मामा-मामी रात्री गाडीतच झोपतात.

मागच्या साली पौष पौर्णिमेला म्हसा यात्रेत आजीही त्यांच्याबरोबर होती. तीन दिवस दिवे, मोबाईल आणि भाव सांगायचा भोंगा, सगळे गाडीच्या बॅटरीवर चालले होते. तिसऱ्या रात्री थंडीने आणि धुळीने आजीला धाप लागली. तिला दम्याचा त्रास आहे. दवाखान्यात न्यायला मामाने किल्ली फिरवली, तर सेल्फ लागेना! नुसता टक्‌ टक्‌ आवाज. शेजारच्या दुकानवाल्यांनी उठून धक्का मारला, तेव्हा कुठे गाडी चालू झाली. आजी बरी झाली. पण मामी म्हणाली, "आता या बॅटरीवर पुन्हा दिवा लावलात, तर मी गाडीत बसायची नाही."

तेव्हा मामाने ठरवले की गाडी चालू करायची बॅटरी वेगळी, दिव्यांची बॅटरी वेगळी, आणि दिव्यांची बॅटरी भरायला टपावर सोलर प्लेट.

काही मुले मला विचारतात, "मग गाडी उन्हावर चालते का रे?" नाही. गाडी पेट्रोलवरच चालते. उन्हावर फक्त आतले दिवे वगैरे चालतात.

आधी हिशेब

मामा दुकानात गेला, तर दुकानदार म्हणाला, "ही ५०० वॅटची घ्या, एकदाच काम होऊन जाईल." मामा घ्यायलाच निघाला होता. घरी येऊन त्याने गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "आधी प्लेट पाहू नका. आधी वही घ्या आणि तुम्हांला रोज किती वीज लागते ते लिहा."

मग मीच वही घेतली. वॅट गुणिले तास असा तो हिशेब आहे.

दोन एल.ई.डी. दिवे, ९ वॅटचे, ५ तास : ९०
एक लहान पंखा, १५ वॅटचा, ६ तास : ९०
भोंगा, १० वॅटचा, ३ तास : ३०
दोन मोबाईल, दोन्ही मिळून : ३०
एकूण : २४० वॅट-तास

१००० वॅट-तास म्हणजे लाइट बिलावरचे एक युनिट. म्हणजे मामाला रोज पाव युनिटसुद्धा नको! पण १००० वॅटची इस्त्री एक तास चालवली, तर मामाची चार दिवसांची वीज संपेल. म्हणून इस्त्री, शेगडी असल्या तापणाऱ्या वस्तू अशा गाडीत चालवायच्या नाहीत.

बॅटरीत वीज भरताना आणि काढताना थोडी वाया जाते. म्हणून २४० मध्ये चौथा हिस्सा मिळवला, ३०० झाले. आता ऊन. सूर्य बारा तास दिसला, तरी पूर्ण जोराचे ऊन तेवढा वेळ नसते. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन जमेस धरून, थंडीत सपाट ठेवलेल्या प्लेटला सुमारे ४ तासांचे पूर्ण ऊन मिळते असे आम्ही धरले. ३०० भागिले ४ म्हणजे ७५ वॅट. म्हणून १०० वॅटची एक प्लेट पुरे.

पावसाळ्याचे काय? आपल्याकडे आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा १०० वॅटच्या प्लेटमधून दिवसाला १०० ते १५० वॅट-तास आले तरी खूप. पण पावसात जत्रा नाही म्हणून भोंगा नाही, गारव्यामुळे पंखा नाही. दिवे आणि मोबाईल मिळून १२०, आणि वाया जाणारी धरून १५० लागतात. जेमतेम भागते. फार अंधारून आले, तर एकच दिवा लावायचा.

मुंबईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक असताना चेतनसिंग सोळंकी यांनी २६ नोव्हेंबर २०२० रोजी भोपाळहून सौर बस घेऊन प्रवास सुरू केला. २०३० पर्यंत घरी न जाता बसमध्येच राहायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या बसवर ३२०० वॅटच्या प्लेटा होत्या, म्हणजे मामाच्या ३२ पट! आत झोपणे, स्वयंपाक, अंघोळ, कचेरीचे काम, सगळी सोय. पण तेही लोकांना हेच सांगत गेले की वीज आधी टाळा, टाळता येत नसेल तर कमी वापरा, आणि मग लागेल तेवढी तयार करा. गुरुजींनी वही घ्यायला लावली, ती याचसाठी.

प्लेट कशी निवडली

मामाच्या टपावर मोकळी जागा ७ फूट लांब आणि ४ फूट रुंद. दुकानातली ५०० वॅटची प्लेट लांबीलाच साडेसात फूट भरली, वजन पंचवीस किलोच्या वर. ती टपाबाहेर आली असती. शिवाय तिचा दाब जास्त, लहान बॅटरीच्या साध्या कंट्रोलरला चालणारा नाही. १०० वॅटची प्लेट साधारण साडेतीन फूट लांब, सव्वादोन फूट रुंद आणि सात-आठ किलोची असते. उद्या दुसरी बसवायची झाली, तरी जागा उरते.

वाकणाऱ्या पातळ प्लेटाही मिळतात. त्या वजनाला हलक्या, पण टपाला चिकटवाव्या लागतात. खालून वारा जात नाही, त्यामुळे जास्त तापतात आणि टिकतात कमी. प्लेट तापली की वीज कमी देते, हे मला नवीनच कळले. ऊन हवे, पण ताप नको! म्हणून आम्ही काचेची, चौकटीची प्लेट घेतली.

बॅटरी १२ व्होल्टची, ४० अँपिअर-तासांची. १२ गुणिले ४० म्हणजे ४८०. पण ॲसिडची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर लवकर मरते. म्हणून वापरायचे २४०. बरोबर एका दिवसाचे! मधे १० अँपिअरचा कंट्रोलर बसवला. तो बॅटरी जास्त भरू देत नाही आणि रात्री वीज उलटी प्लेटकडे जाऊ देत नाही.

बसवली कशी

गाडीत बदल करण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत विचारून घ्यावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या ५२ व्या कलमात गाडीतल्या बदलांविषयी नियम आहेत. मामाने आधी विचारले, मगच हात लावला.

१) टपाला भोक पाडले नाही. भोक पडले की आपल्याकडच्या पावसात गंज आणि गळती ठरलेली. टपावर आधीच सामानाचे लोखंडी कॅरियर होते. त्याला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या लावून प्लेट चार ठिकाणी नटबोल्टने आवळली. गाडीच्या हादऱ्याने नट सुटू नयेत म्हणून स्प्रिंग वॉशर घातले.

२) प्लेट आणि टप यांत चार बोटे जागा ठेवली. वारा खेळतो, प्लेट कमी तापते.

३) वायर मागच्या दाराजवळून आत नेली. आत शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळून झोळाशीच गळून पडते.

४) बॅटरीच्या अधिक टोकाजवळ फ्यूज बसवला. वायरी एकमेकींना चिकटल्या, तर आग न लागता फ्यूज जातो.

५) कंट्रोलरला आधी बॅटरी जोडली, मग प्लेट. उजेडात प्लेट वीज देतच राहते, तिला बटण नसते. म्हणून जोडताना मामाने तिच्यावर एक काळी घोंगडी टाकली. तेव्हा आम्ही खूप हसलो, पण उपाय खरा आहे.

हे सगळे गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने समोर उभे राहून करवून घेतले. मुलांनी एकट्याने बॅटरीला हात लावू नये. आत ॲसिड असते.

शेवटी मी टपावर तीन बादल्या पाणी ओतले. आत एक थेंबही आला नाही.

रोज काय पाहायचे

सावली टाळायची. प्लेटच्या एका कोपऱ्यावर आंब्याच्या फांदीची सावली पडली, तरी पुष्कळ वीज कमी होते, कारण आतले कप्पे साखळीसारखे जोडलेले असतात. मामाला सवय सावलीत गाडी लावायची. आता गाडी उन्हात आणि मामा सावलीत! रस्त्याची धूळ सकाळी थंड असतानाच ओल्या फडक्याने पुसायची. दर महिन्याला नट तपासायचे.

यंदा म्हसा यात्रेला मीही गेलो होतो. तीन रात्री दिवे लागले, भोंगा वाजला. आजी रोज रात्री विचारायची, "गाडी चालू होईल ना रे बाबा?" मामा उठून किल्ली फिरवून दाखवायचा. सेल्फ पहिल्या झटक्याला लागायचा. मग आजी झोपायची.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी सोलर प्लेट घ्यायची म्हणत असेल, तर आधी वही घ्या आणि वॅट गुणिले तास करा. हिशेब अडला तर मला विचारा, मी मधल्या सुट्टीत वर्गातच असतो.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी