नाव सांगून दिलेली माहिती : संगणकाच्या भाषेतील एक उपयुक्त सोय



कक्षा अकरावीच्या एनसीईआरटीच्या संगणक विज्ञानाच्या पुस्तकात पायथन ही भाषा आहे. पुढे कॉलेजात जावा, सी प्लस प्लस, कोटलिन अशा भाषा भेटतात. या दोन प्रकारच्या भाषांत माहितीची तपासणी वेगवेगळ्या वेळी होते. ‘कीवर्ड आर्ग्युमेंट’ ही सोय समजली की हा फरकही समजतो, म्हणून या अंकात आम्ही तीच निवडली आहे.

फंक्शन म्हणजे संगणकाला नेमून दिलेले काम. त्याला काही मूल्ये द्यायची, ते उत्तर देते. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातला संत्र्याचाच हिशोब घेऊ. समजा, ४० क्रेट संत्री नागपूरला पाठवली. भाव क्रेटमागे ६०० रुपये, गाडीभाडे क्रेटमागे २५ रुपये. भावातून भाडे वजा करून क्रेटच्या संख्येने गुणले की हाती २३,००० रुपये येतात.

हे काम संगणकाला असे सांगतात : रक्कम(४०, ६००, २५). कोणती संख्या कशाची, हे फक्त क्रमावरून ठरते. घाईत कोणी रक्कम(२५, ६००, ४०) लिहिले तर उत्तर येते १४,०००. नऊ हजारांचा फरक पडला, पण संगणकाने हूं की चूं केले नाही.

आता कोणी म्हणेल, जावासारख्या भाषा तर कडक असतात ना? होय. अशा भाषांना ‘स्टॅटिकली टाइप्ड’ म्हणतात. प्रत्येक मूल्याचा प्रकार आधीच ठरलेला असतो. प्रोग्राम चालण्यापूर्वी कंपायलर हे प्रकार तपासतो. जसे खिडकीवरचे बाबू फॉर्म पुढे पाठवण्याआधी पाहतात : जन्मतारखेच्या जागी नाव लिहिले असेल तर फॉर्म परत. पण वडिलांच्या नावाच्या जागी आईचे नाव पडले तर? दोन्ही अक्षरेच. केवळ प्रकार पाहणाऱ्याला त्यात चूक दिसणार नाही. आपल्या उदाहरणातही ४० आणि २५ दोन्ही संख्याच आहेत.

यावर उपाय म्हणजे मूल्याबरोबर त्याचे नाव सांगणे : रक्कम(क्रेट = ४०, भाव = ६००, भाडे = २५). आता क्रम उलटला तरी बिघडत नाही, आणि वाचणाऱ्यालाही लगेच कळते.

ही गोष्ट आपल्या मुलांना नवी नाही. ‘रामाने शामाला पुस्तक दिले’ म्हणा किंवा ‘शामाला रामाने पुस्तक दिले’ म्हणा, देणारा रामच राहतो. कारण ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय प्रत्येकाचे काम सांगतात. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिथे हेच काम ‘ने’ आणि ‘को’ करतात. इंग्रजीत मात्र अशा वाक्यात राम आणि शाम यांच्या जागा बदलल्या की अर्थच फिरतो, कारण तिथे क्रमाला महत्त्व आहे.

पायथनमध्ये नाव देता येते, पण ते बरोबर आहे की नाही, हे ती ओळ चालेल तेव्हाच कळते. क्वचित चालणारी ओळ असेल तर चूक महिनोन्‌महिने लपून राहते. स्टॅटिक भाषांत हेच काम आधी होते. ‘भाडे’ऐवजी ‘भाढे’ लिहिले तर कंपायलर तिथेच अडवतो. नावे जुळवून झाली की तो मूल्ये आपापल्या जागी बसवतो, त्यामुळे चालताना नावे शोधण्यात वेळ जात नाही.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी बनलेल्या एडा भाषेत ही सोय १९८३ च्या प्रमाण आवृत्तीतच होती. सी शार्पमध्ये ती २०१० साली आली. २०१४ च्या स्विफ्टमध्ये आणि २०१६ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेल्या कोटलिनमध्येही ती आहे. जावा आणि सी प्लस प्लसमध्ये साध्या फंक्शनला अशी नावे देता येत नाहीत. याच्या विरोधातही एक सबळ मुद्दा आहे. एकदा लोक नावाने हाक मारू लागले की ते नाव सहज बदलता येत नाही. ‘भाडे’चे ‘वाहतूक’ केले तर ‘भाडे’ लिहिणारे सर्व प्रोग्राम अडतात. म्हणून नाव पहिल्यापासून विचार करून ठेवावे लागते.

थोडक्यात, प्रकार सांगतो की वस्तू कशा जातीची आहे. नाव सांगते की ती नेमकी कोणती. भाव आणि भाडे दोन्ही रुपयेच, म्हणून तिथे प्रकार पुरत नाही. नाव बरोबर पण आकड्याच्या जागी ‘चाळीस’ हा शब्द लिहिला, तर प्रकाराची तपासणी कामी येते. मात्र ६०० च्या जागी ६० लिहिले तर दोन्ही पहारेकरी गप्प बसतील. ते आपले आपणच पाहावे लागते.

आपली पुष्कळ मुले पुढील शिक्षणासाठी नागपूरला जातात. आपल्याकडे बहुधा आधी नाव, मग आडनाव लिहितात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आडनाव आधी येते. ऑनलाइन फॉर्ममध्ये नावाच्या खान्यात आडनाव पडले तरी संगणक ते स्वीकारतो, कारण दोन्ही अक्षरेच. अंकसूचीशी मेळ बसला नाही की प्रवेश आणि छात्रवृत्ती दोन्ही अडकतात. पालकांना आमची विनंती आहे की, फॉर्म भरताना खान्याचे शीर्षक मोठ्याने वाचून मगच मुलाला उत्तर लिहू द्यावे. आणि विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकाच्या वहीत दोनपेक्षा जास्त संख्या घेणारे प्रत्येक फंक्शन यापुढे नाव सांगूनच लिहावे.