घरातल्या नेटवर्कला भिंती घालताना

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घरातील इंटरनेट म्हणजे दूरध्वनीच्या तारेला जोडलेला एक मोडेम आणि त्यासमोर बसलेला एकच संगणक. आज मुंबई-पुण्यातील एखाद्या मध्यम आकाराच्या सदनिकेत मोजदाद केली, तर घरातल्या चौघांचे मोबाइल, दोन लॅपटॉप, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, आवाजावर चालणारा स्पीकर, प्रिंटर आणि कधी एसीसुद्धा, अशी पंधरा-वीस साधने सहज भरतात. ही सारी साधने इंटरनेट कंपनीने बसवून दिलेल्या एकाच पेटीला जोडलेली असतात. बहुतेकांच्या ध्यानात येत नाही ती गोष्ट अशी की, ही सगळी साधने एकाच खोलीत राहतात. खोलीच्या बाहेरच्या दाराला कुलूप असते. आत मात्र कुणीही कुणाशी बोलू शकतो. ज्याचे सॉफ्टवेअर विकत घेतल्यापासून एकदाही बदललेले नाही असा स्वस्तातला कॅमेरा आणि कार्यालयाची गोपनीय कागदपत्रे बाळगणारा लॅपटॉप यांच्यामध्ये पडदासुद्धा नसतो.

ही भीती पुस्तकी नव्हे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने जगभरातील लाखो कॅमेरे, चित्रमुद्रण यंत्रे आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिला काही अचाट युक्ती लढवावी लागली नाही. कारखान्यातून निघतानाच यंत्रात घातलेली साठेक नावे आणि पासवर्ड यांची यादी पुरेशी ठरली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या झुंडीने ‘डिन’ या अमेरिकी कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अनेकांसाठी काही तास बंद पडल्या. घरात भिंती घातल्या असत्या म्हणून इंटरनेटवर उघडे पडलेले ते कॅमेरे वाचले असते, असे नाही. मात्र ताब्यात गेलेला कॅमेरा शेजारच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचू नये, एवढे काम भिंत नक्की करते. नेटवर्कचे असे भाग पाडणे आणि त्यांच्यामध्ये नेमकी दारे ठेवणे, यालाच तांत्रिक भाषेत तिसऱ्या थरावरील स्विचिंग आणि राउटिंग म्हणतात. मोठ्या कार्यालयांत हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. २०२० पासून घरातच कार्यालय आले आणि हौशी मंडळींच्या घरांतही हा प्रयोग होऊ लागला.

चाळीतली हाक आणि टपालातले पत्र

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात नेटवर्कच्या कामाची सात थरांत विभागणी केली आहे. येथे त्यातील दुसरा आणि तिसरा एवढेच थर पुरेत. दुसऱ्या थरावरचा व्यवहार चाळीच्या गॅलरीतल्या हाकेसारखा असतो. ‘अमुक पत्ता कुणाचा?’ अशी हाक सगळ्यांना ऐकू जाते, ज्याचा असेल तो ‘माझा’ म्हणून उत्तर देतो आणि दोघांचा व्यवहार सुरू होतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक येथे ओळख म्हणून चालतो. साधा स्विच एवढेच काम करतो. कोणता क्रमांक कोणत्या तारेच्या टोकाला आहे हे तो लक्षात ठेवतो आणि माल त्या टोकाला पोहोचवतो.

हाक चाळीबाहेर जात नाही. दुसऱ्या चाळीत निरोप धाडायचा तर पत्र लिहावे लागते, त्यावर पूर्ण पत्ता घालावा लागतो आणि ते टपालात टाकावे लागते. हा तिसरा थर. पत्ता म्हणजे आयपी पत्ता, पत्र म्हणजे पॅकेट आणि टपाल कचेरी म्हणजे राउटर. पत्त्याचा पुढचा भाग पाहून पत्र कोणत्या दिशेला पाठवायचे हे तो ठरवतो. दोन दिशा जुळत असतील, तर ज्या दिशेचा पत्ता अधिक नेमका असेल ती निवडतो.

एकाच स्विचवर दोन वेगळ्या चाळी वसवण्याची सोय ‘व्हीलॅन’ या पद्धतीने होते. तिचे मानक १९९८ चे. प्रत्येक पॅकेटला एक छोटी चिठ्ठी चिकटवायची आणि तिच्यावर चाळीचा क्रमांक लिहायचा, एवढीच तिची कल्पना. या क्रमांकासाठी १२ बिट राखलेले असल्याने ४,०९४ चाळी वसवता येतात. घराला तीन-चार पुरतात. त्याहून अधिक पाडणाऱ्याला पुढे त्या सांभाळाव्याही लागतात.

दार कुणी सांभाळायचे?

समजा, घराचे तीन भाग पाडले. कुटुंबाच्या मोबाइल-लॅपटॉपसाठी १९२.१६८.१०, कार्यालयीन कामासाठी १९२.१६८.२० आणि कॅमेरे वगैरे उपकरणांसाठी १९२.१६८.३० अशा पत्त्यांच्या मालिका दिल्या. (१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या एका मानकानुसार खासगी वापरासाठी राखीव आहेत. ते घरोघरी तेच असले तरी बिघडत नाही.) आता या तिघांमधली ये-जा कुणी हाताळायची, हा खरा निर्णय आहे.

पहिला मार्ग असा की, साध्या व्यवस्थापनक्षम स्विचवर चाळी पाडायच्या आणि राउटिंग मुख्य राउटरवर सोपवायचे. स्विच आणि राउटर यांना जोडणाऱ्या एकाच तारेवरून तिन्ही चाळींचे पॅकेट चिठ्ठ्या लावून ये-जा करतात. एका चाळीतून दुसऱ्या चाळीत जाणारे पॅकेट त्या तारेने वर जाते आणि त्याच तारेने खाली येते. दुसरा मार्ग म्हणजे लेयर थ्री स्विच. प्रत्येक चाळीचे दार त्याच्याच पोटात असते आणि पत्ता पाहून दिशा ठरवण्याचे काम खास घडवलेली चिप करते, त्यामुळे तारेच्या पूर्ण वेगाने माल या चाळीतून त्या चाळीत जातो.

जाहिरातींत दुसरा मार्ग सरस वाटतो. येथेच थोडे थांबावे. वेगाचा लाभ तेव्हाच, जेव्हा घरातल्या घरात मोठा माल हलतो. चित्रफितींचे संकलन करणारा एखादा जण सामायिक साठवणीच्या यंत्रातून ५० जीबीची फाइल आणतो, असे धरू. एक गिगाबिटच्या तारेवर सेकंदाला साधारण ११० एमबी या वेगाने तिला साडेसात मिनिटे लागतात. राउटरचा प्रोसेसर दुबळा असेल, तर याहून कितीतरी अधिक. पण ज्या घरात सारा माल इंटरनेटवरूनच येतो, तेथे अडसर बाहेरच्या जोडणीचा असतो. तेथे लेयर थ्री स्विच बसवणे म्हणजे गल्लीच्या आत सहापदरी रस्ता बांधण्यासारखे आहे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आणि दुकानात कुणी सांगत नाही अशी. लेयर थ्री स्विचवरचा पहारेकरी सामान्यतः विसराळू असतो. समोर आलेले पॅकेट नियमांच्या यादीशी ताडून तो सोडतो किंवा अडवतो. मघाशी कोण कुणाकडे गेले होते, हे त्याच्या लक्षात राहत नाही. ‘मोबाइलने कॅमेऱ्याला विचारले तर कॅमेऱ्याने उत्तर द्यावे, पण कॅमेऱ्याने आपणहून मोबाइलशी बोलू नये’ हा घरातला सर्वांत आवश्यक नियम त्याला नीट पाळता येत नाही. काही प्रकारच्या पॅकेटांवर ‘हे उत्तर आहे’ अशी खूण असते, तिच्या आधारे काही अंशी काम भागते. ज्या पॅकेटांवर अशी खूण नसते, तेथे भागत नाही. चालू संभाषणांची नोंदवही ठेवणारी फायरवॉल असलेला राउटर हेच काम चोख करतो. म्हणून सुरक्षा हाच हेतू असेल, तर बहुतेक घरांना पहिला मार्ग अधिक योग्य. साठवणीचे यंत्र मोठे असेल, तर ते आणि संकलनाचा संगणक स्विचवर आणि कॅमेऱ्यांची चाळ राउटरवर, अशी वाटणीही करता येते.

कार्यालयांनी काढून टाकलेले जुने स्विच स्वस्तात मिळतात, हाही एक मोह. त्यांचे पंखे मात्र दिवाणखान्यात नांदण्याजोगे नसतात. शिवाय यंत्राने सतत ३० वॅट वीज घेतली, तरी महिन्याला सुमारे २२ युनिटे होतात.

परतीची वाट

एवढे ऐकूनही ज्याला लेयर थ्री स्विचच बसवायचा आहे, त्याची पहिली संध्याकाळ बहुधा एकाच चुकीत जाते. मांडणी सरळ असते. स्विचवर तीन चाळी तयार करायच्या. प्रत्येक चाळीसाठी स्विचला त्या मालिकेतला पत्ता द्यायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.२०.१, चाळीतल्या यंत्रांसाठी हेच दार. अनेक स्विचवर राउटिंगची कळ मुळात बंद असते, ती चालू करायची. स्विच आणि राउटर यांच्यासाठी चौथी छोटी मालिका ठेवायची, त्यात राउटर १९२.१६८.१.१ आणि स्विच १९२.१६८.१.२. शेवटी स्विचला सांगायचे की, ज्या पत्त्याची दिशा ठाऊक नाही ते सारे राउटरकडे पाठव.

आता चाळी एकमेकींशी बोलतात, पण लॅपटॉपवर इंटरनेट उघडत नाही. गंमत म्हणजे स्विचवरून तपासणी केली, तर इंटरनेट व्यवस्थित दिसते. याचे कारण परतीच्या वाटेत आहे. स्विच स्वतः बोलतो तेव्हा त्याचा पत्ता राउटरच्या ओळखीच्या मालिकेतला असतो. लॅपटॉपचा १९२.१६८.२० चा पत्ता मात्र राउटरने कधी ऐकलेला नसतो. त्याच्या नावे आलेले उत्तर घरात कोणत्या दिशेला न्यायचे हे न कळल्याने राउटर ते अनोळखी पत्रांच्या रीतीने पुन्हा बाहेरच्या दाराकडे पाठवतो आणि तेथे ते नाहीसे होते. उपाय एका ओळीचा आहे. राउटरला सांगायचे की, १९२.१६८.१०, २० आणि ३० या मालिकांची वाट १९२.१६८.१.२ वरून जाते. खासगी पत्त्यांचे बाहेरच्या पत्त्यात रूपांतर करताना या मालिकाही धरल्या जातात ना, हेही पाहावे.

अडचण अशी की, इंटरनेट कंपन्यांनी दिलेल्या अनेक पेट्यांमध्ये ही एक ओळ लिहिण्याची सोयच ग्राहकाला नसते. मग त्या पेटीमागे स्वतःचा राउटर बसवावा लागतो. पत्ते वाटणाऱ्या सेवेचेही तसेच. नव्या यंत्राची ‘मला पत्ता द्या’ ही हाक असल्याने ती चाळीबाहेर जात नाही. म्हणून पत्ते स्विचनेच वाटावेत किंवा ती हाक राउटरपर्यंत पोहोचवण्याचे काम त्याला सांगावे. वायफाय देणाऱ्या साधनालाही चाळी समजायला हव्यात, म्हणजे प्रत्येक चाळीसाठी वेगळे वायफाय नाव ठेवता येते. नाहीतर तारांवर भिंती आणि हवेत मोकळे रान, अशी स्थिती होते.

‘टीव्हीवर फोन का दिसत नाही?’

भिंती उभ्या राहिल्या की पहिली तक्रार घरातूनच येते. मोबाइलवरचे छायाचित्र टीव्हीवर टाकता येत नाही, प्रिंटर सापडत नाही. ही साधने एकमेकांना शोधतात ती हाका मारूनच आणि या हाका मुद्दाम एका चाळीपुरत्या ठेवलेल्या असतात. काही राउटरमध्ये या हाका निवडक चाळींत पुन्हा उच्चारण्याची सोय असते. पण टीव्ही आणि प्रिंटर कुटुंबाच्याच चाळीत ठेवावेत, हा तोडगा अनेक घरांत शहाणपणाचा ठरतो. घरच्यांनी कंटाळून सारी साधने पुन्हा एका वायफायवर आणली, तर केलेली मेहनत पाण्यात जाते.

दुसरे छिद्र सहज नजरेतून सुटते. वरची सारी चर्चा जुन्या आयपी पत्त्यांची झाली. आता अनेक कंपन्या नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही सिक्सचे, पत्तेही देतात. कॅमेऱ्याला जुन्या पत्त्यावर अडवले आणि नव्या पत्त्यासाठी नियमच लिहिला नाही, तर भिंतीला उघडी खिडकी राहते. नव्या पद्धतीत प्रत्येक चाळीला सामान्यतः ६४ बिटांचा स्वतंत्र उपसर्ग लागतो. कंपनीने घराला एकच उपसर्ग दिला असेल, तर तो चाळींत वाटता येत नाही. अशा वेळी ज्या चाळीला नव्या पत्त्यांची गरज नाही तेथे ते बंद ठेवणे बरे.

हे सारे करताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याचे प्रसंग ठरलेले असतात. ज्या चाळीतून स्विचचे व्यवस्थापन चालते तिचाच क्रमांक बदलला की पडदा गोठतो. त्यासाठी स्विचचे एक टोक काम संपेपर्यंत जुन्याच मांडणीत ठेवावे. पाहणीही कागदावर न थांबवता प्रत्यक्ष करावी. एक लॅपटॉप कॅमेऱ्यांच्या वायफायवर जोडून त्यावरून राउटरचे व्यवस्थापन पान, कार्यालयीन संगणक आणि साठवणीचे यंत्र उघडून पाहावे. तिन्ही उघडली नाहीत, तर भिंत उभी आहे. आणि मांडणी जतन करण्याचा आदेश विसरू नये. काही स्विचवर केलेला बदल लगेच लागू होतो, पण वेगळा आदेश दिल्याखेरीज कायम होत नाही. महिनाभर सुरळीत चाललेले नेटवर्क वीज जाऊन आल्यावर जुन्याच स्थितीत, म्हणजे साऱ्यांना एकाच खोलीत घेऊन, सुरू होते. इंटरनेट पूर्ववत चालत असल्याने घरात कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.