पेडरसन यांचे संशोधनकार्य आणि उल्लेखगणनेच्या मर्यादा

संशोधकाची योग्यता त्याच्या निबंधांचा इतरांनी केलेल्या उल्लेखांवरून ठरविण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. यूजीन गारफील्ड यांच्या संस्थेने १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा एखाद्या कल्पनेचा माग वाङ्मयात घेता यावा हा तिचा प्रधान हेतू होता. मोजपट्टीचे काम तिच्याकडे मागाहून आले. ज्याच्या ‘ह’ इतक्या निबंधांना प्रत्येकी निदान ‘ह’ उल्लेख लाभले आहेत, त्याचा निर्देशांक ‘ह’, अशी व्याख्या हिर्श यांनी २००५ मध्ये केली आणि निवड समित्यांचे काम वरकरणी फारच सोपे झाले. ही मोजपट्टी चार्ल्स पेडरसन यांना लावून पाहिल्यास काय दिसते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पेडरसन यांचा जन्म १९०४ साली कोरियात झाला. वडील नॉर्वेजियन, आई जपानी. अमेरिकेत डेटन येथे रासायनिक अभियांत्रिकीची पदवी व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून एम.एस. एवढे झाल्यावर १९२७ मध्ये ते ड्यू पाँट कंपनीत रुजू झाले. पीएच.डी. त्यांनी कधीच केली नाही. बेचाळीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या नावावर ६५ एकस्वे व अवघे २५ शोधनिबंध जमा झाले. एकस्वे या गणनेत धरली जात नाहीत. आणि निबंधच पंचवीस असल्यावर निर्देशांक पंचविसाच्या पलीकडे जाणे गणितानेच अशक्य होय. आजच्या एखाद्या उद्योगी प्राध्यापकाला हा आकडा सामान्य वाटेल.

आता त्या पंचविसांपैकी एका निबंधाची हकीकत पाहू. १९६२ साली पेडरसन व्हॅनेडिल आयनाला बांधून ठेवणारे एक संयुग तयार करीत होते. त्यासाठी घेतलेल्या, एक हायड्रॉक्सिल गट झाकलेल्या कॅटेकॉलमध्ये सुमारे शेकडा १० इतके मोकळे कॅटेकॉल राहून गेले होते. ते ठाऊक असूनही त्यांनी विक्रिया तशीच पुढे चालविली. हाती आलेल्या चिकट पदार्थात रेशमासारखे पांढरे, तंतुमय स्फटिक अत्यल्प प्रमाणात आढळले. त्यांचे उत्पादन शेकडा ०.४ एवढेच होते. पुष्कळांनी ते मळीबरोबर फेकून दिले असते. पेडरसन यांनी त्यांची तपासणी केली. मिथेनॉलमध्ये तो पदार्थ जेमतेम विरघळे, परंतु सोडियम हायड्रॉक्साइड घालताच विद्राव्यता वाढे. फिनॉलचा मोकळा गट तर रेणूत नव्हता. मग अल्कलीचा परिणाम कशावर? कोणतेही विद्राव्य सोडियम लवण घातले तरी तोच परिणाम दिसू लागला, तेव्हा कारण अल्कली नसून सोडियम आहे हे स्पष्ट झाले. रेणुभारही अपेक्षेच्या बरोबर दुप्पट भरला. अठरा अणूंच्या वलयात सहा ऑक्सिजन अणू, आणि मधल्या पोकळीत सोडियमचा आयन बसलेला, असे ते चित्र होते. विद्युत्भार व आकारमान यांच्या जोरावर झालेले हे बंधन सहसंयुजी बंधाहून अगदी निराळे होय. या रेणूंना त्यांनी क्राउन, म्हणजे मुकुट, हे नाव दिले.

वलयाकार पॉलिईथर जर्मनीत ल्युट्रिंगहाउस यांनी १९३७ मध्येच तयार केले होते. धातूच्या आयनांविषयीची त्यांची ओढ मात्र तेव्हा ध्यानात आली नव्हती. पेडरसन यांचा सविस्तर निबंध १९६७ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. लेखक एकटेच. त्यात अनेक वलयांची कृती व गुणधर्म इतक्या मोकळेपणाने दिलेले आहेत, की वाचणाऱ्याने प्रयोगशाळेत जाऊन लगेच कामाला लागावे. झालेही तसेच. स्ट्रासबुर्ग येथे लेन यांनी १९६९ मध्ये त्रिमितीय पोकळीचे क्रिप्टँड प्रसिद्ध केले आणि १९७८ मध्ये या क्षेत्राला ‘सुप्रामॉलेक्युलर’, म्हणजे अतिरेणवीय, रसायन ही संज्ञा दिली; क्रॅम यांनी यजमान व अतिथी रेणूंचे रसायन उभारले. १९८७ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. निवृत्त होऊन पेडरसन यांना तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

नियतकालिकांचा प्रभावांक काढताना मागील दोनच वर्षांतील लेखांचे उल्लेख धरतात. त्या हिशेबात १९६७ चा हा निबंध १९६८ व १९६९ पुरताच मोजला गेला असता; म्हणजे क्रॅम यांचे काम सुरू होण्यापूर्वीच तो हिशेबाबाहेर पडला असता.

मर्टन यांनी दाखवून दिलेली आणखी एक गोष्ट येथे विचारात घ्यावी लागते. एखादे ज्ञान पुरेसे सर्वमान्य झाले की त्याच्या जनकाचा उल्लेख करणे कोणास आवश्यक वाटत नाही. पोटॅशियम परमँगनेट बेंझिनमध्ये विरघळत नाही. क्राउन ईथर घातल्यास विरघळते व बेंझिन जांभळे होते. सॅम व सिमन्स यांनी १९७२ मध्ये या द्रावणाचा ऑक्सिडीकरणासाठी उपयोग केला. आज असा प्रयोग करणारा विद्यार्थी बाटलीवरचे ‘१८-क्राउन-६’ हे नाव निबंधात लिहितो. त्यापुढे संदर्भाचा अंक घालण्याचे त्याच्या मनातही येत नाही.