पाठीची पिसे गेलेली कोंबडी : दोष रोगाचा की कोंबड्याचा?

रत्नागिरी जिल्ह्यातील मोहल्ल्यांत आणि वाड्यांत अनेकांच्या परसात दहा-वीस गावठी कोंबड्या असतात. त्यांची निगा बहुधा घरातील बायका राखतात. अंडी शेजारी किंवा जवळच्या दुकानात जातात आणि कोंबडा विकून आलेला पैसा अडीअडचणीला उपयोगी पडतो. हा धंदा वहीत लिहिला जात नाही, त्यामुळे त्यातले नुकसानही दिसत नाही.

असेच एक नुकसान म्हणजे पाठीवरची पिसे गेलेली कोंबडी. ती बाजारात नेली की गिऱ्हाईक तिला रोगट समजते आणि भाव पाडून मागते. पुष्कळदा तिला रोग काहीच नसतो. दोष खुराड्यातील कोंबड्याचा असतो, आणि खरे सांगायचे तर त्याला तसा मोकाट ठेवणाऱ्या आपला असतो.

पिसे का जातात?

कोंबडीवर चढताना कोंबडा चोचीने तिच्या डोक्यामागची पिसे धरतो आणि पायाच्या नखांनी पाठीवर तोल सांभाळतो. तरुण, जोमदार कोंबडा दिवसातून वीस वेळाही हे करू शकतो. कोंबड्या पुरेशा असल्या तर हा त्रास वाटला जातो. कोंबड्या कमी आणि कोंबडे जास्त झाले की त्याच त्या पाठी पुन्हा पुन्हा ओरबाडल्या जातात. त्यातही कोंबड्याच्या एक-दोन आवडत्या असतात, त्यांची दशा सर्वांत वाईट होते.

आपल्याकडे याला दोन कारणे विशेष आहेत. पहिले कारण बाजाराचे. गटारीच्या सुमारास गावठी कोंबड्याला चांगला भाव मिळतो, म्हणून आपण दोन-तीन महिने आधीपासून नर राखून ठेवतो. आठ कोंबड्यांत चार-चार कोंबडे फिरू लागतात. भाव कोंबड्याचा वाढतो, पण त्याची किंमत कोंबड्या चुकवतात.

दुसरे कारण संकराचे. पिल्ले मोठी व्हावीत म्हणून अनेकजण बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या गिरिराजाचा किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राच्या वनराजाचा नर आणतात. हेतू चांगला आहे. पण पूर्ण वाढलेला असा नर तीन किलोच्या वर जातो आणि आपली गावठी कोंबडी असते सव्वा-दीड किलोची. त्या वजनाखाली तिची पाठ टिकत नाही.

नक्की ओळखावे कसे?

उपाय करण्यापूर्वी कारण पक्के करावे. पिसे डोक्यामागे, पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशीच गेली असतील, कोंबडी खातपीत असेल आणि अंडी देत असेल, तर ते काम कोंबड्याचे समजावे. पावसाळा सरताना कोंबड्या जुनी पिसे टाकतात. तेव्हा मान, छाती, पंख असे सर्व अंग विरळ होते, अंडी थांबतात आणि नव्या पिसांचे कोंब दिसतात. खुडूक कोंबडी पोटाखालचीच पिसे काढते. पंखाखाली आणि गुदद्वाराजवळ बारीक किडे हलताना दिसले तर उवा-पिसवांचा त्रास आहे. आणि कोंबडी सुस्त असेल, हिरवट हगत असेल, मान वाकडी करत असेल, तर घरचे प्रयोग न करता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

पहिला उपाय : कोंबडे कमी करा

अंडी देण्यासाठी कोंबडीला कोंबडा लागत नाही. दुकानात मिळणारी पांढरी अंडी जेथून येतात त्या पिंजऱ्यांत एकही कोंबडा नसतो. ज्याला फक्त खाण्याची अंडी विकायची आहेत त्याने कोंबडा कोंबड्यांत सोडण्याची गरजच नाही.

पिल्ले काढायची असतील तर आठ ते दहा कोंबड्यांस एक कोंबडा पुरे. तोही रोज नको. कोंबडीच्या पोटात नराचे बीज दहा-बारा दिवस टिकते आणि तेवढ्या काळातील अंड्यांतून पिल्ले निघू शकतात. म्हणून कोंबडा आठवड्यातून दोन दिवस कोंबड्यांत सोडावा आणि बाकीचे दिवस वेगळा ठेवावा. नवा कोंबडा लावल्यावर मात्र पहिल्या आठवड्याची अंडी उबवायला ठेवू नयेत.

बाजारासाठी राखलेले नर पहिल्यापासूनच निराळ्या कुडात ठेवावेत. जागा नसेल तर बांबूचे मोठे डालगे चालते. सावली आणि पाणी मात्र हवे. कोंबड्या दिसत नसल्या म्हणजे नर आपसांत भांडतातही कमी, आणि बसून वजन बरे धरतात.

नखे आणि काटा

जो कोंबडा ठेवायचा आहे त्याची नखे पाहावीत. धारदार टोके कापून कानशीने बोथट करावीत. पायाच्या मागच्या काट्याचेही टोकच घासावे. आत जिवंत हाड असते, मुळापर्यंत गेल्यास रक्त वाहते. हे काम रात्री करावे, तेव्हा कोंबडा शांत असतो.

पाठीवर कापड

परदेशांत अशा कोंबड्यांच्या पाठीवर लहानसे कापडी झाकण बांधतात. आमच्या शिंपी बांधवांना ते अर्ध्या तासाचे काम आहे. जाड सुती कापडाचा दुहेरी तुकडा मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत मापून घ्यावा आणि दोन्ही बाजूंना इलास्टिकचे फासे शिवावेत. त्यांतून पंख बाहेर काढले की झाकण पाठीवर बसते. फासा इतका सैल हवा की खाली बोट सहज फिरावे. नायलॉनचे कापड कोकणच्या दमट हवेत नको. आठवड्याला ते काढून धुवावे आणि खाली उवा झाल्या नाहीत ना ते पाहावे. भर पावसात ओले झाकण अंगावर राहू देऊ नये. जखम उघडी असेल तर आधी ती बरी करावी, मग झाकण घालावे.

जखमेची निगा

रक्त दिसले की दुसऱ्या कोंबड्या तेथेच टोचतात, म्हणून जखमी कोंबडी ताबडतोब वेगळी करावी. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवून खोबरेल तेलात हळद कालवून लावावी. पावसाळ्यात माशी बसून अळ्या पडतात, तेव्हा रोज पाहावे. जखम खोल असल्यास डॉक्टरला दाखवावे.

नवे पीस येण्यासाठी खाद्यही लागते, कारण पीस हे जवळजवळ सारे प्रथिनच असते. नुसत्या कोंड्याकणीवर ते येत नाही. मिरकरवाड्याच्या सुकटीचा चुरा, तोही फार खारट नसलेला, रोज थोडा घालावा. उपटलेले पीस दीड-दोन महिन्यांत येते. अर्धे तुटलेले पीस मात्र पुढच्या पीसगळीपर्यंत तसेच राहते. म्हणून उपाय केला आणि पाठ लगेच भरली नाही, तर धीर सोडू नये.

हिशेब काय सांगतो?

एक कोंबडा दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम दाणा खातो. तीन जादा कोंबडे ठेवले तर महिन्याला दहा किलो दाणा गेला. आपली गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. भीतीने ती खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहू लागली, धड चरली नाही, तर त्यातलीही घटतात. वर बाजारात तिचा भाव पडतो तो वेगळाच. राखलेल्या कोंबड्याची किंमत काढताना ही तूटही त्याच्याच खात्यावर मांडली पाहिजे.

विकणाऱ्यांना एवढेच सांगू. पिसे गेलेली कोंबडी पिसाळ्यांत दडवून देऊ नये. पाठ दाखवून, कारण सांगून सौदा करावा. एकदा फसलेले गिऱ्हाईक पुढच्या वेळी निरोगी कोंबडीलाही संशयाने पाहते. आज संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना प्रत्येकीच्या पाठीवरून एकदा हात फिरवा, आणि कोंबडे किती आहेत ते मोजा.